उरलेल्या एकोणीस हिश्श्यांचा हिशोब

गेल्या ७ नोव्हेंबरच्या रात्री मी, आई, बायको आणि मुलगी असे चौघे साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या एका महागड्या हॉटेलात जेवलो. बिल झालं ५,१४० रुपये. मुलीने कठड्याशी उभ्या असलेल्या आजीचा फोटो काढला. मागे सगळं सातारा शहर दिव्यांनी लखलखतंय आणि पुढे नऊवारीतली आई, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोसारखा गंभीर भाव. तो फोटो मी स्टेटसला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या तालुक्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याचा मेसेज आला. "जयभीम सर. फोटो बघितला. छान. आपल्या अभ्यासिकेची महिन्याची फी पाचशे आहे. तुमच्या एका जेवणात एका पोराचे दहा महिने निघाले असते. बाबासाहेबांनी लंडनमध्ये पापडावर रात्री काढल्या. एवढंच."

ते 'एवढंच' मला जास्त लागलं. मी दोन-तीनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. पोरगा खोटं बोललेला नव्हता. पाच हजार भागिले पाचशे, दहाच होतात. पण मी चिडलो ते हिशोबावर नाही. त्या रात्री माझ्या हातून खरंच एक चूक झाली होती आणि ती बिलात नव्हती. त्याने मला चुकीच्या गुन्ह्यासाठी धरलं आणि बरोबर गुन्हा सुटून गेला. म्हणून हा लेख. आधी त्याच्या आरोपाला उत्तर देतो, मग माझ्या चुकीबद्दल बोलतो.

मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. ज्यांना हे प्रकरण माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. जेवढे तास तेवढे पैसे, उन्हाळ्यात काही नाही, आणि जे मिळायचं ते सहा-सहा महिन्यांनी. या सप्टेंबरात कायम झालो. ऑक्टोबरअखेर पहिला पूर्ण पगार खात्यावर पडला. त्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. पगाराचा विसावा हिस्सा काढून अभ्यासिकेच्या आणि विहाराच्या खात्यावर टाकला, आणि आईला फोन करून सांगितलं, "सात तारखेला साताऱ्याला जायचं. भीमाबाईंचं स्मारक बघायचं, शाळा बघायची आणि रात्री हॉटेलात जेवायचं."

विसावा हिस्सा का, ते नव्या पोरांसाठी सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, बाबासाहेबांनी तिथेच जे भाषण केलं त्यात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कामासाठी द्यावा असं सांगितलं. आपण हे वाक्य वर्गणी गोळा करताना नेहमी वापरतो, आणि वापरलंच पाहिजे, कारण देणारे कमी आहेत. पण या आकड्याची दुसरी बाजू आपण कधी बोलत नाही. विसातला एक समाजाचा, तर एकोणीस कोणाचे? बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी दहावा म्हटलं नाही, निम्मा म्हटलं नाही, सर्वस्व तर नाहीच नाही. माणसाने घर चालवावं, पोरं शिकवावी, अंगावर नीट कपडा घालावा आणि त्यातून समाजाला द्यावं, असा तो आकडा आहे. ज्याने विसावा हिस्सा बुडवला त्याला जाब विचारा, अगदी चौकात विचारा. ज्याने दिला त्याच्या एकोणीस हिश्श्यांवर पहारा ठेवू नका.

आता पापडाचं. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहिले, रात्री पापड भाजून खाऊन वाचत बसले, हे त्यांच्या चरित्रात आहे आणि ते वाचून कोणाचाही घसा दाटतो. पण ते व्रत नव्हतं. खिशात पैसे नव्हते, आणि जे होते ते पुस्तकांना लागत होते. पुढे बॅरिस्टरीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी उपाशी राहण्याचा प्रयोग चालू ठेवला नाही. उत्तम शिवलेला सूट घातला, दादरला राजगृह बांधलं, त्यात हजारो पुस्तकं ठेवली. गांधीवादावर लिहिताना तर त्यांनी साधेपणाच्या या कौतुकाचीच चिरफाड केली. यंत्र नको, शहर नको, गरजा कमी करा, हे तत्त्वज्ञान ज्याच्या पाठीवर ओझं आहे त्याला ओझ्यासकट समाधानी राहायला शिकवतं, असा त्यांचा रोख होता. माणसाला जनावरापेक्षा वेगळं जगायचं तर फुरसत पाहिजे, आणि फुरसत यंत्रं देतात, असं ते म्हणत. पंचा नेसायची हौस ज्याच्याकडे कपड्यांनी भरलेलं कपाट आहे त्याने करावी. माझ्या आईने आयुष्यभर साधं राहून दाखवलंय, तिला त्याचं कुठलंही प्रमाणपत्र नको आहे.

आई १९६२ च्या आसपासची. नक्की तारीख कोणालाच माहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती आणि आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी उचलायला जायची. तिथे सुकडी मिळायची, ती तिने ओंजळीत घेऊन खाल्ली आहे. लग्न होऊन पलूस तालुक्यात आली. तिथे पुढे द्राक्षबागा आल्या आणि तीस-पस्तीस वर्षं तिने विरळणी, डिपिंग, माल उतरवणं हेच केलं. हात वर करून करून तिचा उजवा खांदा आता वर जात नाही. पेटीत गेलेली द्राक्षं परदेशी जायची, म्हणजे तिने हाताळलेले घड लंडनला पोहोचले असतील. ती पहिल्यांदा कुठल्या हॉटेलात टेबलावर बसून जेवली ते ७ नोव्हेंबरलाच.

सांगली-सातारा आम्ही पॅसेंजरने गेलो. आम्ही तिघे सांगलीला बसलो, आई किर्लोस्करवाडीला चढली. हातात पिशवी, पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. मी म्हटलं, "अगं, आज हॉटेलात जेवायचंय." ती म्हणाली, "ते रातीचं न्हवं? दुपारचं काय, वाऱ्यावर?"

कराड गेलं, शिरवडे गेलं आणि मसूर आलं. गाडी दोन मिनिटं थांबली. साधं स्टेशन, आपण रोज मागे टाकतो तसं. मुलीला मी म्हटलं, हे ते मसूर.

आपल्या वाचकांना मसूर सांगायला नको, पण अभ्यासिकेतल्या पोरांना मी विचारलं तेव्हा निम्म्यांना माहीत नव्हतं, म्हणून थोडक्यात. साल १९०१. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. सरकारने तिथे तळं खोदायला काढलं होतं. सुट्टीत त्यांच्याकडे जायला साताऱ्याहून पोरं निघाली. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. संध्याकाळी मसूरला उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं, कारण पत्राचा निरोप बापापर्यंत पोहोचला नव्हता. कपड्यांवरून पोरं चांगल्या घरची दिसली म्हणून स्टेशनमास्तर विचारपूस करायला आला. कोण तुम्ही, असं विचारल्यावर नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने सरळ सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. बरोबर जेवण भरपूर होतं, पण पाणी नव्हतं. वाटेत होतं ते गुराढोरांनी घाण केलेलं. पुढे जकात नाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने पोराने आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून बघितलं, तरी मिळालं नाही. भरल्या डब्याशेजारी पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलं आहे.

आईने हे पूर्वी ऐकलं होतं, भीमगीतांत, जयंतीच्या भाषणांत. पण स्टेशन समोर असताना ऐकलं नव्हतं. तिने एकच विचारलं, "पैसं होतं ना त्यांच्याजवळ?"

"होते. दुप्पट भाडं दिलं."

"आन् तरी पानी न्हाय." मग तिने पिशवीतली बाटली काढून नातीला दिली. नातीला तहान नव्हती. तिने तरी प्यायली.

या प्रसंगात आपण अपमानावर बोलतो, मला पैशावर बोलायचंय. त्या पोरांजवळ पैसे होते. अंगावर चांगले कपडे होते. मोजायची तयारी होती आणि दुप्पट मोजलेही. बाजाराचा नियम असता तर पाणी मिळायला हवं होतं. पण तिथे पाणी विकाऊच नव्हतं. "आधी आर्थिक प्रगती करा, जात आपोआप जाईल" असं सांगणारे सज्जन आपल्याला आजही भेटतात. त्यांना मसूरचं तिकीट काढून द्यावं.

साताऱ्यात उतरून आधी सदर बझारला भीमाबाईंच्या स्मारकावर गेलो. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना ही माउली गेली. आई तिथे बराच वेळ बसली. मग प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या या सरकारी हायस्कुलात 'भिवा रामजी आंबेडकर' या मुलाचं नाव दाखल झालं, रजिस्टरला क्रमांक १९१४. शाळेने ते रजिस्टर जपलंय, आणि २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. शाळा राजवाड्यात आहे. आईला मी "राजवाड्यात जायचंय" म्हटलं तेव्हा तिला वाटलं आपल्याच लोकांच्या वस्तीत जायचंय, कारण आमच्या भागात बौद्धवस्तीलाच राजवाडा म्हणतात. छत्रपतींचा वाडा बघून ती म्हणाली, "ह्यो बी राजवाडाच की." यावर आम्ही दिवसभर हसत होतो.

संध्याकाळी साताऱ्यातल्या मित्राच्या गाडीने घाटात चढलो.

उंचावरून शहर बघायची मला फारशी सवय नाही. सांगली मी वरून नीट बघितली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुरात, एका मित्राच्या गच्चीवरून, आणि तेव्हा खाली शहर नव्हतं, पाणी होतं. इथे वेगळं होतं. उजव्या हाताला अजिंक्यताऱ्याचा काळा आडवा डोंगर, त्याच्या पायथ्यापासून पसरत गेलेले दिवे, आणि पार पलीकडे हायवेवरच्या गाड्यांची सरकती रांग. कठड्याशी टेबल. टेबलावर काचेचे ग्लास, घडी करून ठेवलेला रुमाल. वेटर पोरगा आला, वीस-बावीसचा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "पाणी साधं आणू की बाटलीचं?"

मी "बाटलीचं" म्हटलं. ऐंशी रुपये एक बाटली. नंतर बिलात ती ओळ बघताना मला मसूर आठवलं.

आईला मेन्यूकार्ड दिलं तर तिने ते उलटं-सुलटं करून मुलीकडे दिलं. मटण हंडी, भाजीत पनीर, तंदुरी रोट्या, शेवटी गुलाबजाम. आई म्हणाली, भाकरी असती तर बरं झालं असतं. विचारलं तर ज्वारीची भाकरी होतीसुद्धा, एक नग चाळीस रुपये. "चाळीस? मी घरनं आनली असती," असं ती म्हणाली, पण दोन खाल्ल्या.

जेवता जेवता ती खाली बघत होती आणि मग म्हणाली, "एवढ्या दिव्यांत कुणाचं घर कुठलं, कायबी कळंना."

मित्रांनो, या वाक्यावर मी अजून विचार करतोय. आमच्या गावाशेजारच्या टेकडीवर उभं राहिलं की दिवसा काय, रात्रीसुद्धा सांगता येतं. हा पाटलांचा वाडा, ही मधली आळी, इकडे ओढ्याच्या पलीकडे मांगवाडा, तिकडे आपला राजवाडा. दिवे कुठे दाट, कुठे विरळ, यावरून जात वाचता येते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले त्यावर आजही काही मंडळी नाकं मुरडतात. त्यांनी एकदा गावाचा हा नकाशा वरून बघावा. आपल्या माणसांना शहराकडे जा असं बाबासाहेब का सांगत होते ते आईने एका वाक्यात सांगितलं. शहरात जात मरत नाही. सांगलीत भाड्याने खोली बघताना मला किती घरमालकांनी आडनाव विचारलंय त्याची यादी माझ्याकडे आहे. पण शहर निदान वरून सगळे दिवे सारखे दाखवतं.

आणि मग ती चूक झाली.

आई उठून कठड्याशी गेली. नातीला जवळ घेऊन बोट दाखवत, शेतात एका सरीवरून दुसऱ्या सरीवर हाक मारायचा आवाज असतो ना, त्या आवाजात म्हणाली, "ते बघ, तिकडं लांब, सदर बझार. तिथं बाबासायबांची आई हाय. आन् ह्यो खाली राजवाडा, तिथं बाबासायेब शाळंत व्हतं. आपल्या म्हारांची पोरं तवा वर्गाच्या..."

शेजारच्या टेबलावरचे चौघे वळून बघू लागले. त्यातल्या एकाने दुसऱ्याकडे बघून ओठ दाबले. हसला का, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. आणि मी, जो चौदा एप्रिलला माईकवर ओरडतो, ज्याने या जागेवर स्वाभिमानावर डझनभर लेख लिहिलेत, तो मी जागेवरून म्हणालो, "आई, हळू बोल."

ती गप्प झाली. येऊन बसली. गुलाबजाम खाल्ला. मग जेवण झाल्यावर तिने चारही ताटं एकात एक ठेवायला सुरुवात केली आणि ती उचलून इकडे-तिकडे बघू लागली. बायकोने विचारलं, काय हवंय? म्हणाली, "मोरी कुठं हाय?"

वेटर धावत आला. "राहू द्या आजी, ते माझं काम हाय."

मला कळलं ते काय होतं. आमच्या गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या लोकांच्या कपबश्या वेगळ्या असायच्या, बाहेर वळचणीला ठेवलेल्या. चहा वरून ओतला जायचा आणि पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळून तिथेच पालथा घालायचा. आई लग्न होऊन आली तेव्हा हे चालू होतं. संविधानाचं कलम १५ (२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सगळ्यांना खुली करतं, हे १९५० चं. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तर आणखी बारीक जाऊन हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. कायदा करणाऱ्यांना त्या वळचणीच्या कपबश्या ठाऊक होत्या. म्हणजे आईच्या जन्माच्या आधी सात वर्षं तो कप गुन्हा होता, आणि ती सून होऊन आली तेव्हाही तो तिथेच होता. मी तिला "हळू बोल" म्हटल्यावर ती त्या घाटातल्या हॉटेलातून उठून थेट त्या वळचणीला गेली. तिला तिथे मी नेलं. शेजारच्या टेबलाने नाही, हॉटेलवाल्याने तर अजिबातच नाही.

मसूरच्या पोराने स्टेशनमास्तरला सरळ सांगितलं होतं आणि काही तासांनी जकात नाक्यावर त्याला दुसरं नाव घ्यावं लागलं होतं. १९१७ ला कोलंबिया आणि लंडन करून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत राहायला पारशी नाव लावावं लागलं, आणि ते उघडं पडल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्यांना नाव लपवावं लागलं कारण त्याशिवाय पाणी नव्हतं, छप्पर नव्हतं. माझ्यासमोर ऐंशी रुपयांची बाटली उघडी होती. टेबल माझं होतं. बिल भरायची ऐपत होती. कायदा माझ्या बाजूने होता. मला कोणी काठी दाखवली नव्हती, एका माणसाने फक्त ओठ दाबले होते, आणि मी जकात नाक्यावर पोहोचलो होतो.

मागे वळून बघितलं तर सुरुवात त्याही आधी झाली होती. टेबल बुक करायला फोन केला तेव्हा तिकडून विचारलं, "सर, नाव?" मी फक्त पहिलं नाव सांगितलं. घाईत नव्हे. ते पहिलं नाव कुठल्याही जातीत चालतं. पाच हजारांत मी दिव्यांचा देखावा विकत घेतला असं मला वाटत होतं, पण खरं तर मी तीन तासांचं बिनआडनावाचं असणं विकत घेत होतो, आणि आईने मोठ्याने बोलून तो सौदा मोडला म्हणून मी तिच्यावर खेकसलो. आपल्यातले किती तरी नोकरदार हेच विकत घेतात. कोणी फ्लॅटमध्ये घेतं, कोणी पोराच्या इंग्रजी शाळेत घेतं. मी त्यांच्यावर लेख लिहिलेत.

तर माझ्या तरुण मित्रा, तुझं गणित बरोबर असूनही प्रश्न चुकला तो इथे. तू विचारलंस, एवढे पैसे का घातलेस? तू विचारायला हवं होतंस, तिथे कोण म्हणून बसला होतास?

या बाबतीत मला गंगाराम कांबळे आठवतात. कोल्हापूरच्या संस्थानात पागेवर नोकरीला असलेला माणूस. सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांचा समाचार घेतला आणि गंगारामला नुसती नुकसानभरपाई देऊन गप्प बसवलं नाही. त्याला भर वस्तीत भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. हॉटेलचं नाव 'सत्यसुधारक'. सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून गंगारामच्या हातचा चहा प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रसंग आपण सामाजिक समतेचं उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. गंगारामने तिथे आपण कोण हे लपवलं असतं तर त्या चहाला काही अर्थ राहिला नसता. सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं चहा कोणाच्या हातचा आहे, म्हणून तर राजाला थांबावं लागलं.

आज सांगलीपासून साताऱ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आडनावांच्या पाट्या बघा. पाटलांची खानावळ, देशमुखांचा ढाबा, अमक्या-तमक्यांचं घरगुती जेवण. आडनाव हीच त्यांची जाहिरात. आपल्या पोरांनी काढलेली हॉटेलं मी शोधतो तेव्हा पाटीवर बहुतेक वेळा फुलाचं नाव असतं, नाहीतर मालकाच्या मुलीचं. कारण मला कळतं. धंदा बुडेल ही भीती खोटी नाही, आणि मी फोनवर एक आडनाव सांगू शकलो नाही, तर ज्याने कर्ज काढून शटर उघडलंय त्याला पाटीवर ते लिही असं कोणत्या तोंडाने सांगू?

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२० च्या दशकात वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, एकमेकांच्या हातचं खायला लावली. त्या पोरांना कोणीही नाव झाकायला सांगितलं नव्हतं. पंगतीला महत्त्व त्यामुळेच आलं.

परत सांगलीला येताना गाडीत मी आईला म्हटलं, "काल मी तुला उगीच गप्प केलं." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मला वाटलं तितं मोठ्यानं बोलत न्हाईत." मी म्हटलं, "बोलतात. शेजारचे चौघे केवढ्यानं बोलत होते." ती म्हणाली, "मंग तू कशापायी बोललास?" मला उत्तर देता आलं नाही. मसूर परत आलं आणि गेलं.

गावात गेल्यावर तिने राजवाड्यातल्या बायकांना जे सांगितलं ते मला बहिणीकडून कळलं. पाच हजारांचा आकडा तिने सांगितलाच, जरा वाढवून सहा केला. चाळीस रुपयांची भाकरी सांगितली. वेटरच्या पोराने ताटं उचलू दिली नाहीत हे तीनदा सांगितलं. माझं "हळू बोल" तिने कोणालाच सांगितलं नाही, म्हणून ते मी इथे सांगतोय.

तुला मेसेजचं उत्तर द्यायचं राहिलंय, मित्रा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही नायगावला जाणार आहोत. येताना साताऱ्यात मुक्काम. त्याच हॉटेलात मी काल फोन केला. तिकडून विचारलं, "सर, नाव?" मी पहिलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं. पलीकडच्याला नीट ऐकू आलं नाही. मी आडनाव पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"किती जण सर?"

"पाच," म्हटलं. पाचवा तू आहेस. तुझ्या वाट्याचं बिल मी भरणार, आणि तेवढेच पैसे तू अभ्यासिकेला द्यायचे. आणि आईच्या शेजारची खुर्ची तुझी. ती मोठ्याने बोलते.